‘बॉडीज’ आणि मॉश पिटचं भौतिकशास्त्र

‘शरीरं जमिनीवर कोसळू देत’ अशा अर्थाची ओळ घसा फोडून पुन्हा पुन्हा ओरडली, की ऐकणाऱ्याच्या मनात खूनखराबाच येणार. डॅलसच्या ‘ड्राउनिंग पूल’ या नू मेटल (हेवी मेटल रॉकचा एक प्रकार) बँडचं ‘बॉडीज’ हे गाणं २००१ मध्ये आलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ‘क्लिअर चॅनल’ या रेडिओ कंपनीत सध्या न वाजवलेली बरी अशा गाण्यांची यादी फिरली, तीत तेही होतं. पुढे २०११ मध्ये ॲरिझोनातल्या गोळीबाराशी त्याचं नाव जोडलं गेलं, तेव्हा बँडनं खुलासा केला: गाणं मॉश पिटमधल्या बंधुभावाचं आहे, आणि तिथं ज्याला पाडलंत त्याला तुम्हीच उचलायचं असतं.

मॉश पिट म्हणजे स्टेजसमोरचा तो भाग, जिथं प्रेक्षक मुद्दाम एकमेकांवर आदळतात. बाहेरून निव्वळ गोंधळ. कॉर्नेल विद्यापीठातल्या जेसी सिल्व्हरबर्ग आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ घेऊन त्यातल्या माणसांचे वेग मोजले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष गमतीशीर होता: हे वेग द्विमितीय वायूतल्या रेणूंच्या वेगांसारखे विभागलेले होते. म्हणजे बहुतेक मध्यम वेगाचे, अगदी संथ थोडे, अतिवेगवान त्याहून थोडे. रेणूंना ना इच्छा, ना बिअर. तरी गणित जुळलं.

मग त्यांनी संगणकावर पिट उभा केला. नियम मोजकेच: धडकलात तर दूर फेकले जा, शेजारी जिकडे चाललेत तिकडे थोडं वळा, आणि अधूनमधून कसेही भरकटा. भरकटणं वरचढ ठरलं की मॉश पिट, शेजाऱ्यामागे जाणं वरचढ ठरलं की गोल फिरणारा ‘सर्कल पिट’. खऱ्या कार्यक्रमांतले ९५ टक्के सर्कल पिट घड्याळाच्या उलट दिशेनं फिरत होते. संगणकातले मात्र दोन्हीकडे सारखेच. उजव्या हाता-पायाच्या सवयीचा हा परिणाम असावा, असा एक अंदाज आहे.

राहिला आवाजाचा प्रश्न. साध्या बोलण्यात आवाजाची तीव्रता सेकंदाला चार-पाच वेळा चढउतार करते. किंकाळीत ३० ते १५० वेळा. एवढी झपाट्यानं होणारी थरथर आपल्याला खरखरीत वाटते, आणि मेंदूतला धोका ओळखणारा अमिग्डाला हा भाग तिला चटकन प्रतिसाद देतो. ‘बॉडीज’ कुजबुजीनं सुरू होतं, आकडे मोजत चढतं आणि मग किंकाळीवर जातं. ताण साचवून सोडायची ही युक्ती जुनीच, पण इथं ती फार नेमकी बसली आहे.

क्युबातल्या ग्वांतानामो इथल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात २००३ मध्ये मोहमदू औल्द स्लाही या कैद्याच्या चौकशीत हेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवलं गेलं. अमेरिकी सिनेटच्या समितीच्या अहवालात त्याची नोंद आहे. त्याला तिथून उठून जाता येत नव्हतं. पिटमधल्या माणसाला येतं, आणि माझ्या मते गाण्याचा अर्थ आधी या फरकावर ठरतो, शब्दांवर नंतर. म्हणूनच क्वीन्सलँड विद्यापीठाच्या २०१५ च्या प्रयोगावरून ‘मेटल ऐकून राग शांत होतो’ असा सरसकट मथळा देणं मला पटत नाही. त्यात चिडवलेल्या श्रोत्यांपैकी काहींना दहा मिनिटं संगीत दिलं, काहींना शांतता, आणि चिडचिड दोन्ही गटांत उतरली, हे खरं. पण ते ३९ जण मुळातच अशा संगीताचे चाहते होते, आणि गाणीही त्यांची त्यांनीच निवडली होती.