ताळगाव पठारावर एमबीए आलं कुठून

११ डिसेंबर १९६१ ला अहमदाबादचं आयआयएम स्थापन झालं, आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. मध्ये फक्त आठ दिवस. कलकत्त्याचं आयआयएम त्याच्या महिनाभर आधीचं, १३ नोव्हेंबरचं. म्हणजे बाकीचा देश जेव्हा मॅनेजर तयार करायच्या मोठ्या संस्था काढत होता तेव्हा आमच्याकडे एकसुद्धा साधं आर्ट्स-सायन्सचं कॉलेज नव्हतं. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात आज जे दोन वर्षांचं फुल टाइम एमबीए चालतं, ते बघताना मला हे आधी डोळ्यासमोर येतं, कारण बाहेरून येणारे बरेच जण विचारतात की गोव्यात एमबीए कशाला, तिकडे काय आहे, समुद्र सोडून? तर त्या 'कशाला'चं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

पोर्तुगीज काळात वरचं शिक्षण अगदीच नव्हतं असं नाही. पणजीची मेडिकल स्कूल १८४२ ची, आजचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज, तिच्यातूनच आलं. पणजीत लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमाची वरची शाळा, होतं. पण लिसेव करून माणूस फार तर सरकारी नोकरीत, वकिलीत नाहीतर डॉक्टरीकडे जायचा, आणि तेही पोर्तुगीज येत असेल तर. कॉमर्स, अकाउंट्स, बँकिंग हे शिकायचं तर मुंबई. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ चं, आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज, आणि गोव्यातल्या ज्यांना परवडायचं ते तिकडे जायचे, बाकीचे धारवाड, बेळगाव, पुणे. व्यापार मात्र गोव्यात जोरात होता. लोखंडाचं खनिज बार्जमधून मुरगावला आणि तिथून जहाजात भरून जपानला जायचं, पन्नासच्या दशकात तर ते फारच वाढलं. पण खाणींच्या पेढ्या कोण सांभाळायचं? घरातले. भाऊ, पुतणे, मेहुणे, आणि बरोबर एखादा जुना विश्वासाचा कारकून. मॅनेजर नावाची नोकरी असते आणि ती शिकून मिळते, ही कल्पनाच नव्हती.

मुक्तीनंतर पहिली दोन कॉलेजं निघाली ती १९६२ ला, पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले, आणि ही दोन्ही नावं खाणवाल्या घराण्यांची आहेत हे लक्षात घ्या. १९६६ ला पणजीत श्रीनिवास सिनाय धेंपो यांच्या नावाने कॉमर्सचं कॉलेज आलं. मला यात त्या घराण्यांचं मोठेपण दिसतंच, पण गरजही दिसते, कारण एवढे पसरलेले धंदे फक्त घरच्या माणसांवर चालणार नव्हते आणि शिकलेली पोरं इथेच मिळायला हवी होती. दुसरीकडे बांदोडकर भाऊ मुख्यमंत्री झाल्यावर गावागावात मराठी शाळा उघडत होते. आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली पिढी ती त्या शाळांतली, आई अजून त्या बाकांची आणि बाईंची आठवण काढते.

ही सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली. आता इथे एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. १९६५ ला मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या मदतीने चर्चगेटला मॅनेजमेंट शिकवणारं जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट सुरू केलं, आणि त्याच वर्षी त्याच विद्यापीठाने पणजीत पदव्युत्तर शिक्षणाचं आणि संशोधनाचं केंद्र काढलं. एकच विद्यापीठ, एकच वर्ष. मॅनेजमेंट चर्चगेटला राहिलं, पणजीत एमए-एमएससी आलं. त्यावेळी कुणाला ते वावगं वाटलं नसणार, उलट पणजीत एमए करता येतं हीच केवढी मोठी गोष्ट होती, पण मॅनेजमेंट शिकायचं तर गोंयकाराने बॅग भरायची हे त्यातून वीसेक वर्षं तरी पक्कं झालं.

माझे मोठे मामा १९७४ ला असेच गेले. जून महिना, पावसात मुंबईची बोट बंद असायची म्हणून बसने, घाटातून, ट्रंक टपावर बांधून. गिरगावात लांबच्या नात्यातल्यांकडे चाळीत राहिले, रात्री गॅलरीत झोपायचं आणि सकाळी सहाच्या आत अंथरूण गुंडाळायचं, कारण नळाला जाणाऱ्यांची वाट अडायची. दिवाळीला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने आले तेव्हा म्हणे त्या ट्रंकेत कपडे कमी आणि सायक्लोस्टाइल नोट्स जास्त होत्या. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी मॅनेजमेंटचा डिप्लोमा असं त्यांनी केलं. मी विचारलेलं त्यांना की मामा, फुल टाइम का नाही केलंत? तर म्हणाले, "बाबू, दोन वर्सं पगार नसलेला मुलगा आमच्या घराला परवडला असता काय? तुझ्या आईचं लग्न व्हायचं होतं." ते मग तिकडचेच झाले, डोंबिवलीत घर केलं, आता चवथीला, म्हणजे गणपतीला, येतात.

'फुल टाइम' हा शब्द आपण फॉर्मवर टिक करतो आणि पुढे जातो, पण या सगळ्या इतिहासाची नाडी तिथे आहे असं मला मनापासून वाटतं. एमबीए ही पदवी पहिल्यांदा हार्वर्डने १९०८ ला सुरू केली ती दोन वर्षांची, आधीचं ग्रॅज्युएशन झाल्यावर करायची. आपल्याकडे आलं तेव्हा दोन वाटा झाल्या. कलकत्त्याची आयआयएसडब्ल्यूबीएम १९५३ ची, दिल्लीची एफएमएस १९५४ ची, या दोन्ही मॅनेजमेंटच्याच संस्था, त्या काळात मॅनेजमेंट शिकायला येणारे बहुतेक नोकरी करणारेच, कंपनीतला माणूस संध्याकाळी वर्गात बसायचा. आयआयएम आल्यावर वीस-बावीसची पोरं नोकरी न करता दोन वर्षं फक्त हेच शिकणार हे रुळलं. दोन्हीला आपापली जागा आहे, पण फुल टाइमला एक अट न लिहिता लागू असते, घरच्यांनी दोन वर्षं थांबायचं. फी तर आहेच, वर न मिळालेला पगार. म्हणून फी किती, आणि कॉलेज घरापासून किती लांब, या दोन गोष्टींवर कोण वर्गात बसणार हे ठरतं. पैसेवाल्याला दोन्हीचा फरक पडत नाही.

अजून एक गुंता सांगतो कारण दर वर्षी कुणीतरी विचारतंच, एमबीए आणि पीजीडीएम, म्हणजे मॅनेजमेंटचा पदव्युत्तर डिप्लोमा, यांच्यात काय फरक. पदवी द्यायचा अधिकार विद्यापीठाला. आयआयएम विद्यापीठं नव्हती, सोसायटी म्हणून नोंदलेली, म्हणून इतकी वर्षं ती डिप्लोमाच द्यायची, २०१७ चा कायदा आल्यावर पदवी द्यायला लागली. खाजगी स्वायत्त संस्था आजही पीजीडीएम देतात ते त्याच कारणाने. दर्जाशी त्याचा थेट संबंध नाही, पण गोव्यात 'एमबीए' ही पदवी सरकारी विद्यापीठातून मिळायची तर आधी गोव्याला स्वतःचं विद्यापीठ पाहिजे होतं.

आणि ते यायला वेळ लागला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, त्यात गोवा वेगळा राहिला. आमच्या घरात त्यावरून दोन मतं होती, आजोबा शेवटपर्यंत विलीनीकरणवाले. पण वेगळं राहायचं ठरलं तर मग शिक्षणाचंही स्वतःचं उभं करावं लागणार हे उघड होतं. १९७५ ला गोव्याचं स्वतःचं शालान्त बोर्ड झालं. १९८४ ला गोवा विद्यापीठ कायदा, आणि १ जून १९८५ पासून विद्यापीठ सुरू. पहिले कुलगुरू इतिहासकार शेख अली. मुंबई विद्यापीठाचं ते पणजीचं केंद्र नव्या विद्यापीठात सामावलं गेलं. कॅम्पस ताळगावच्या पठारावर, चारशे एकरांच्या वर जागा, आराखडा सतीश गुजराल यांचा, लाल जांभ्या दगडाची जमीन, खाली झुआरी दिसते. वर्ष झालं न झालं तोच ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला, आणि पेडणे, बार्देश, डिचोलीकडून येणाऱ्या पोरांना नवा पूल होईपर्यंत फेरीने नदी ओलांडून मग बस पकडावी लागायची. त्या बॅचची माणसं भेटली की अजून फेरीच्या रांगेचं बोलतात. १९८७ च्या ३० मे ला घटकराज्य झालं.

व्यवस्थापन अभ्यासाचा विभाग या नव्या विद्यापीठात आला आणि फुल टाइम एमबीए गोव्यात घरून जाऊन करता यायला लागलं. काळ बघा कुठला. सांकवाळचा झुआरीचा खत कारखाना १९७३ पासून चालू होता, हॉटेलं वाढत होती, चार्टर विमानं यायला लागलेली, वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने येत होते, आणि १९९१ नंतर तर सगळीकडेच मॅनेजर पाहिजे झाले. १९९३ ला फादर रोमुआल्ड डिसोझा यांनी रायबंदरच्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीत गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट सुरू केलं. ते आधी जमशेदपूरच्या एक्सएलआरआय या मॅनेजमेंट संस्थेचे संचालक होते आणि भुवनेश्वरची झेव्हियर संस्थाही त्यांनीच उभी केलेली. जीआयएम आता सत्तरी तालुक्यात आहे, देशभरातून पोरं येतात, नाव मोठं आहे आणि ते नाव त्यांनी कमावलेलं आहे. पण खाजगी संस्थेची फी कित्येक लाखांत जाते, विद्यापीठाची त्यामानाने फारच कमी. दोन्ही संस्था एकाच छोट्या राज्यात असणं चांगलंच, फक्त कोण कुठे जाऊ शकतो हे घरच्या परिस्थितीवर जातं.

आमची परिस्थिती सांगतो म्हणजे कळेल. आम्ही डिचोलीकडचे. बाबांचा एक ट्रक खाणीवर लागलेला, कर्जावर घेतलेला. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाची बंदी आली, आणि आमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना ट्रक लागले ते लागलेच. पहिले काही महिने बाबा रोज सकाळी जाऊन इंजिन चालू करायचे, पाच मिनिटं, बॅटरी उतरू नये म्हणून. मग ताडपत्री घातली. पहिल्या पावसात ताडपत्रीच्या खोलगटात पाणी साचलेलं, ते काठीने वर ढकलून सांडायचं काम माझं होतं. पुढे खाणी परत सुरू झाल्या आणि २०१८ च्या मार्चमध्ये परत बंद पडल्या. अशा घरातून मुलगा फुल टाइम एमबीएला बसला तो फक्त फी आवाक्यात होती आणि रात्री जेवायला घरी येता येत होतं म्हणून. डिचोली-पणजी एक बस, पणजी स्टँडवरून विद्यापीठाची दुसरी. माझ्या वर्गात सांगे-केप्याकडचीसुद्धा पोरं होती, ती माझ्याहून लवकर उठायची.

शिकवायची पद्धत केसची, ती हार्वर्डची देणगी, एखाद्या कंपनीची खरी अडचण कागदावर देतात आणि तू त्या जागी असतास तर काय केलं असतंस असं विचारतात. केस बहुतेक परदेशी कंपन्यांच्या. पण मार्केटिंगला एकदा आम्हाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पाठवलेलं, किंमत कशी ठरते ते बघायला. मी आणि पेडण्याची एक मुलगी सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशीपाशी बसलो दीड तास. सुक्या बांगड्यांचे वाटे मांडलेले, वाट्याचा भाव ठरलेला. सकाळी वाट्यात सहा, नग थोडे बारीक. गर्दी वाढली तशी तिने नवीन वाटे पाचाचे लावले, भाव तोच. दुपारी ऊन तापल्यावर परत सहा केले आणि ओळखीच्या बाईला वर एक. आम्ही विचारलं मावशी भावच का नाही बदलत, तर म्हणाली, "भाव बदललो की गिऱ्हाईक घासाघीस करता, नग कोण मोजता?" सोमवारी वर्गात हे सांगितलं तेव्हा सरांनी फळ्यावर सगळं मांडलं, मोठ्या कंपन्या बिस्किटाचा पुडा त्याच किमतीत हलका करतात ते हेच. माझ्या मते गोव्यातल्या बिझनेस स्कूलने हे जास्त करायला हवं, काजू, फेणी, बार्ज, होमस्टे, अशा इथल्या केस लिहून काढायला हव्यात, कारण त्या दुसरं कुणी लिहिणार नाही.

पुढचा बदल अगदी अलीकडचा. व्यवस्थापन, वाणिज्य, अर्थशास्त्र आणि संगणकशास्त्र हे वेगवेगळे विभाग एकत्र करून विद्यापीठाने गोवा बिझनेस स्कूल केलं. फायनान्शियल सर्व्हिसेसचं वेगळं एमबीए आहे, हॉस्पिटॅलिटी-ट्रॅव्हल-टुरिझमचंही आहे, आणि ते दुसरं गोव्यात नाही तर कुठे असणार. एका छताखाली आल्याने एमबीएवाल्याला कोडिंगवाला आणि अर्थशास्त्रवाला समोरच्या बाकावर भेटतो, डेटाचं काम आता सगळीकडे घुसलेलं असल्यामुळे त्याचा उपयोग होतो, मी स्वतः स्प्रेडशीटच्या पुढचं जे काय थोडं शिकलो ते शेजारच्या वर्गातल्या मित्राकडून.

माझ्या बॅचमधले बरेच जण पुणे-बेंगळुरूला गेले, काही मुंबईला. मी वेर्ण्याला एका औषध कंपनीच्या खरेदी विभागात लागलो, बाबांचं कर्ज दुसऱ्या वर्षी फिटलं आणि ट्रक विकला. मामा गेल्या चवथीला आले तेव्हा त्यांनी माझी प्रोजेक्टची फाइल पूर्ण वाचली, चष्मा लावून, गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीखाली बसून, आणि बांगड्यांच्या पानावर थांबून आईला हाक मारली, "गे, हें वाच."