परदेशी संस्थेसोबत विषाणू-निदान चाचणीवर संशोधन: ग्वाल्हेरच्या संशोधकांसाठी पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

ग्वाल्हेरला या कामाचा वारसा आहे. इथल्या डीआरडीईच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी जपानच्या नागासाकी विद्यापीठातील सहकाऱ्यासह चिकुनगुन्या विषाणूचे जनुकीय द्रव्य ओळखणाऱ्या आरटी-लॅम्प चाचणीचा शोधनिबंध २००७ मध्ये प्रसिद्ध केला. ही चाचणी एकाच तापमानावर होते, त्यामुळे महागड्या पीसीआर यंत्रावाचून भागते. आज एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला किंवा विद्यापीठ विभागाला असे काम परदेशी संस्थेसोबत करायचे असेल, तर विज्ञानाइतकेच कागदपत्रांच्या क्रमाकडे लक्ष द्यावे लागते.

अर्ज भारतीय प्रमुख संशोधकानेच करायचा असतो. तो भारतीय संस्थेच्या सेवेत हवा आणि संस्थाप्रमुखाची लेखी संमती जोडलेली हवी. परदेशी निधी, परदेशी तांत्रिक सहभाग किंवा नमुने-माहितीची देवाणघेवाण असलेले आरोग्य संशोधन आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे, म्हणजे एचएमएससीकडे जाते. ही मंजुरी हाती येईपर्यंत एकही नमुना बाहेर पाठवू नये.

त्याआधीचा टप्पा एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनात रुग्णांचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या समितीचा. कमिटी आरोग्य संशोधन विभागाच्या 'नैतिक' नावाच्या पोर्टलवर नोंदलेली आहे ना, हे आधी पाहा. अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा आणि बैठकीला किमान पाच सदस्य हवेत, त्यात वैद्यकीय क्षेत्राबाहेरचेही. गणपूर्तीविना झालेला ठराव पुढे ग्राह्य धरला जात नाही, म्हणून मंजुरीपत्रासोबत उपस्थितांची यादी जोडा. संमतिपत्र रुग्णाला समजेल अशा हिंदीत हवे. नमुना देशाबाहेर जाणार, किती काळ साठवला जाणार आणि पुढच्या संशोधनात वापरला जाणार का, हे त्यात स्पष्ट लिहिलेले नसेल तर जुन्या फ्रीझरमधले शेकडो नमुने निरुपयोगी ठरू शकतात. विषाणू वाढवायचा किंवा त्यात जनुकीय बदल करायचा असेल, तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरीही घ्या.

आता नमुना हस्तांतरण करार, म्हणजे एमटीए. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा, कारण सामंजस्य करारातल्या सद्भावनेच्या वाक्यांनी हक्क सुरक्षित होत नाहीत. कोणत्या प्रकारचे, किती मिलिलिटरचे किती नमुने, कोणत्या चाचणीसाठी, उरलेले नष्ट करायचे की परत पाठवायचे, तिसऱ्या पक्षाला देण्यास मनाई, पेटंट आणि शोधनिबंधातील वाटा, हे सारे आकड्यांसकट लिहा. ही चाचणी भारतात का होऊ शकत नाही, याचे समर्थन स्वतंत्र पानावर द्या. 'परदेशात चांगली सोय आहे' एवढ्याने भागत नाही. नेमके कोणते यंत्र, कोणते संदर्भ-नमुने हवेत ते सांगा. मानवी जनुकीय सामग्री जैवविविधता कायदा २००२ मधून वगळलेली आहे, पण सूक्ष्मजीव त्यात येतात. त्यामुळे वेगळा काढलेला विषाणू पाठवायचा असेल तर कायद्याचे परदेशी संस्थांना पूर्वपरवानगी बंधनकारक करणारे कलम ३ आणि सहयोगी संशोधनाला सवलत देणारे कलम ५ कायदा सल्लागाराकडून तपासून घ्या. घातक विषाणूंच्या निर्यातीसाठी डीजीएफटीची (विदेश व्यापार महासंचालनालय) स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादीही पाहावी.

चाचणीसाठी किट परदेशातून मागवायचे असेल तर वैद्यकीय उपकरण नियम २०१७ नुसार फॉर्म एमडी-१६ भरून एमडी-१७ परवाना मिळवावा लागतो. किट इथे तयार करून तपासायचे असल्यास अर्ज एमडी-१२, परवाना एमडी-१३. नवीन प्रकारच्या किटच्या क्लिनिकल कामगिरीचे मूल्यमापन करायचे झाल्यास एमडी-२४ अर्ज आणि एमडी-२५ परवानगी.

खासगी न्यास किंवा सोसायटी परदेशी निधी घेणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदान नियमन कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी (फॉर्म एफसी-३ए) संस्था किमान तीन वर्षे जुनी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत मूळ उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च केलेली असावी लागते. नवी संस्था एफसी-३बी भरून पूर्वपरवानगी मागू शकते. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच येतात. ते दुसऱ्या संस्थेला वळते करता येत नाहीत. त्यामुळे भागीदार महाविद्यालयाचा वाटा आपल्या खात्यातून देऊ, असे अंदाजपत्रकात लिहूच नका.

शेवटी पार्सल. डेंग्यूच्या रुग्णाचे सीरम (रक्तद्रव) यूएन ३३७३ या वाहतूक-वर्गक्रमांकाखाली जाते, पण प्रयोगशाळेत वाढवलेला डेंग्यू विषाणू, म्हणजे कल्चर, यूएन २८१४ खाली. वर्ग चुकला तर विमान कंपनी पार्सल परत करते. यूएन ३३७३ च्या द्रव नमुन्यांना तिहेरी पॅकिंग लागते: गळती न होणारी कुपी, तिच्याभोवती सगळा द्रव शोषेल इतका कापूस, दुसरे बंद पात्र आणि मजबूत बाहेरची पेटी. कुपी किंवा दुसरे पात्र यांपैकी एक ९५ किलोपास्कल दाब सोसणारे हवे. ड्राय आइस दुसऱ्या पात्राच्या बाहेरच ठेवा आणि बाहेरची पेटी हवाबंद करू नका. वायू कोंडला तर पेटी फुटते. थर्माकोलच्या पेटीत दर २४ तासांना अडीच ते पाच किलो ड्राय आइस उडून जाते, म्हणून कस्टममध्ये अडकण्याचे दोन दिवस धरून भरणा करा. एचएमएससी मंजुरी, एमटीए आणि एथिक्स मंजुरीच्या प्रती पेटीबाहेरच्या पाकिटात ठेवा. आतल्या कागदांसाठी पेटी उघडावी लागली की तापमान बिघडते.