कप, औंस आणि दोन गॅलन

म्हापशाच्या बाजारातून आणलेल्या माझ्या प्लॅस्टिकच्या मापावर २५० मिलिलिटर असं उठवलेलं आहे. अमेरिकी कृतीतला कप २३६.६ चा, तर तिकडच्याच खाद्यपदार्थांच्या लेबलांवर तो २४० चा. सगळे जिन्नस एकाच मापाने घेतले तर प्रमाण टिकतं. पण अंडी नगावर मोजतात. मग चार कप पिठामागे ५४ मिलिलिटर पीठ जास्त पडतं आणि नाताळचा केक कोरडा होतो.

या घोळाचं मूळ गॅलन या मोठ्या मापात आहे; कप आणि औंस हे त्याचेच हिस्से. इंग्लंडात वाईनचा गॅलन वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा आणखी वेगळा. १७०७ च्या कायद्याने वाईनचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरला आणि अमेरिकेने पुढे द्रवांसाठी तोच ठेवला. १८२४ मध्ये इंग्लंडने मात्र तिन्ही मोडीत काढून दहा पौंड पाणी मावेल असा एकच गॅलन केला. आजच्या हिशेबात तो ४.५४६ लिटर, अमेरिकी ३.७८५. सुधारणा चांगलीच होती, पण माप बदलताना नाव तेच ठेवलं ही माझ्या मते मोठी चूक. औंसाचं तर उलटंच झालं. इंग्रजी गॅलनचे १६० औंस, अमेरिकीचे १२८. म्हणजे गॅलन मोठा, पण औंस लहान! माझ्याकडे दोन काचेची मापं आहेत. एकावर ८ औंसांच्या रेघेशेजारी २३७ मिलिलिटर लिहिलंय, दुसऱ्यावर २२७. त्यात औंस हे वजनाचंही नाव, २८.३५ ग्रॅमचं.

गोव्यात इंग्रजी गॅलन सरकारी माप म्हणून रुजलाच नाही. पोर्तुगालने १८५२ मध्येच मेट्रिक पद्धत कायद्याने स्वीकारली होती. भारताचा कायदा १९५६ चा, तेव्हा गोवा भारतात नव्हता. भात मात्र कुडवाने आणि पायलीनेच मोजलं जायचं.

अमेरिकेने १८९३ मध्ये आपला यार्ड, म्हणजे ३६ इंच, मीटरवरून ठरवला. १९५९ पासून इंच नेमका २.५४ सेंटिमीटर, म्हणून अमेरिकी गॅलन नेमका ३.७८५४११७८४ लिटर. लिटरची व्याख्याही १९०१ ते १९६४ एक किलो पाण्यावर होती, म्हणजे आजच्यापेक्षा तो किंचित मोठा भरायचा. १९७५ च्या अमेरिकी कायद्याने मेट्रिक ऐच्छिकच ठेवलं. कडक दारूच्या बाटल्यांना मात्र १९८० पासून ते सक्तीचं झालं. गॅलनच्या पाचव्या हिश्शाची, म्हणजे ७५७ मिलिलिटरची, तिथली बाटली तेव्हापासून ७५० ची झाली. आपल्याकडे फेणीही त्याच मापाच्या बाटलीत मिळते.