'अनुराधा, दार लावून घे'

प्रेमकथांमधली लाडाची नावं म्हणजे नुसता साखरेचा पाक, असं म्हणत नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला ते मुळीच पटत नाही.

एक कथा समजा. पहिल्याच भेटीत नायिका उलटी झालेली छत्री सावरत नायकावर धडकते. तो म्हणतो, 'वादळासारख्या आलात की!' पुढे तिची 'वादळबाई' होते, मग नुसतं 'वादळ'. दीडशे पानांनंतर भांडण होतं आणि तो शांतपणे म्हणतो, 'अनुराधा, जाताना दार लावून घे.' वाक्यात एकही कठोर शब्द नाही, तरी वाचकाच्या पोटात खड्डा पडतो. का?

१९८६ साली हर्बर्ट क्लार्क आणि डिअॅना विल्क्स-गिब्स या मानसशास्त्रज्ञांनी एक सुंदर प्रयोग केला. दोन माणसं, मध्ये आडोसा, दोघांपुढे टॅनग्रॅमच्या, म्हणजे त्रिकोण-चौकोनी तुकडे जुळवून केलेल्या, त्याच बारा आकृत्या. एकाने वर्णन करायचं, दुसऱ्याने त्याप्रमाणे आकृत्या क्रमाने लावायच्या. पहिल्या फेरीत एका आकृतीमागे सरासरी ४१ शब्द लागले, सहाव्या फेरीत फक्त ८. 'बर्फावर स्केटिंग करणाऱ्या माणसासारखी, पण दोन्ही हात पुढे केलेले' इथून सुरू झालेली आकृती शेवटी 'आइस स्केटर' एवढीच उरली. छत्रीपासून 'वादळ'पर्यंतचा प्रवास हाच.

अशा नावाला सुझन ब्रेनन आणि क्लार्क यांनी १९९६ साली दोघांमधला करार म्हटलं. २००३ साली चार्ल्स मेट्झिंग आणि ब्रेनन यांनी तो करार मुद्दाम मोडून पाहिला. एखाद्या वस्तूचं नाव ठरलेलं असताना त्याच जोडीदाराने अचानक वेगळं नाव वापरलं, की ऐकणाऱ्याची नजर वस्तूवर पोहोचायला उशीर व्हायचा. तेच वेगळं नाव नव्या माणसाने उच्चारलं, तर तसा उशीर होत नसे. म्हणजे अडचण शब्दाची नव्हतीच, तो कुणाच्या तोंडून आला याची होती! ही गोष्ट मला कितीदा वाचली तरी थक्क करते. अनुराधेला सगळं जग अनुराधाच म्हणतं. टोचतं ते त्याने म्हटलेलं.

हे प्रयोग आकृत्यांवरचे आणि वस्तूंवरचे आहेत. कादंबरीपर्यंतचा धागा मी जोडतोय. पण 'लाडाचं नाव वाचलं की मेंदूत ऑक्सिटोसिन या हार्मोनचा पूर येतो' असल्या विधानांपेक्षा तो नक्कीच मजबूत आहे. सगळं प्रेम एका रेणूच्या गळ्यात बांधणं आणि नावाच्या अक्षरांची बेरीज करून जोडप्याचं भविष्य सांगणं, दोन्ही सारखंच पोकळ.

पहिल्याच पानावरचं 'जानू' फिकं का वाटतं, तेही यातून उलगडतं. त्यामागे ४१ शब्द खर्ची पडलेलेच नसतात. आणि वाचक तर तिऱ्हाईत, चोरून ऐकणारा. मायकेल शोबर आणि क्लार्क यांच्या १९८९च्या प्रयोगात आकृत्यांबद्दलचं असं दोघांचं बोलणं सुरुवातीपासून ऐकणाऱ्या तिऱ्हाइतांना ते मधूनच ऐकू लागलेल्यांपेक्षा जास्त कळलं होतं. आपली कथा कुणी थेट भांडणाच्या पानावर उघडली, तर त्याला तिथे एक माणूस दार लावायला सांगताना दिसेल, एवढंच.