झाकणाखालचे कसब : चावीच्या घड्याळांची पार्श्वभूमी

पुण्यातील जुन्या बाजारात एचएमटी जनतासारखे चावीचे घड्याळ घेताना गिऱ्हाईक बहुधा तबकडीवर भाळते. त्यातले खरे कसब मात्र मागच्या झाकणाखाली असते, आणि घड्याळजीखेरीज कोणी ते पाहावे अशी अपेक्षाही नसे.

हे कसब वेळ चुकवणाऱ्या कारणांचा पाठलाग करताना घडत गेले. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांच्या सूचनेनुसार १६७५ मध्ये मागेपुढे झुलत वेळेचा ताल धरणाऱ्या चाकाला, म्हणजे बॅलन्स व्हीलला, केसासारखी बारीक सर्पिल स्प्रिंग बसवण्यात आली आणि त्याच्या आंदोलनांना नियमितपणा आला. त्यानंतर उरला तो घर्षणाचा प्रश्न. पितळी भोकात फिरणारी चाकांच्या दांड्यांची पोलादी टोके भोक झिजवत असत. त्यावर भोक पाडलेल्या माणकांचा उपाय निघाला आणि १७०४ मध्ये लंडनमध्ये स्विस गणितज्ञ फातिओ द दुइलिए व त्यांच्या भागीदारांना त्याचे पेटंट मिळाले. नैसर्गिक माणके महाग असल्याने ही चैन बराच काळ उंची घड्याळांपुरती राहिली; विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वेर्नुई यांच्या पद्धतीने कृत्रिम माणके मुबलक होऊ लागली, तेव्हा ती साध्या घड्याळांतही आली.

तबकडीवरील ‘१७ ज्वेल्स’, म्हणजे अशी सतरा माणके, ही अक्षरे अनेकांना श्रीमंतीची खूण वाटत, पण तो मुळात हिशेब आहे: बॅलन्सच्या दोन्ही टोकांना मिळून चार, त्याला धक्का देणारे एक, पॅलेटच्या, म्हणजे चाकाला एकेका दातागणिक अडवून सोडणाऱ्या भागाच्या, टोकांचे दोन आणि पॅलेटच्या दांड्यासह मधल्या चाकापर्यंतच्या पाच दांड्यांना प्रत्येकी दोन. याहून जास्त आकडा दिसला, तर जादाची माणके कोणते काम करतात हे विचारावे.

स्विस कारागीर पुलांच्या, म्हणजे चाकांचे दांडे धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडा हाताने तासून चकाकवत आणि पृष्ठभागावर समांतर पट्टे ओढत, तेही बंद झाकणाखाली. सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या एचएमटीच्या कारखान्यातील जनताची मशीन असा थाट करत नाही. तरीही तासाला १८,००० ठोके, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके देणारी ही साधी मशीन मला अधिक आदरणीय वाटते, कारण ती मध्यमवर्गीय मनगटासाठी बनली होती.

सायकोने १९६९ मध्ये बॅटरीवर चालणारे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले, पुढे भारतातही तेच रुळले आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. आता दुरुस्तीसाठी अनेकदा दुसऱ्या घड्याळाचेच भाग काढावे लागतात, आणि भडक रंगाची नवी तबकडी चढवलेली जनता विकत घेण्यापूर्वी झाकण उघडून पाहणे त्यामुळेच आवश्यक ठरते.