वाइड रिसीव्हर : व्यावसायिक कारकीर्द

अमेरिकन फुटबॉलमध्ये आखलेल्या वाटेने धावत जाऊन क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू म्हणजे वाइड रिसीव्हर. नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) ३२ संघांपर्यंत पोचलेल्या बहुतेकांना झेल उत्तम येतो. निवड ठरते ती बचावपटूपासून सुटता येते की नाही यावर.

शालेय शिक्षण संपून तीन वर्षे होईपर्यंत ड्राफ्टसाठी (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची प्रक्रिया) पात्रता मिळत नाही, म्हणून विद्यापीठाचा संघ हाच नेहमीचा मार्ग. तिथे वाटा पाठ होतात. त्यांना ० ते ९ असे क्रमांक असतात : सम वाटा बहुधा मैदानाच्या मध्याकडे वळतात, विषम बाहेर, आणि ९ म्हणजे सरळ धाव. क्वार्टरबॅक कित्येकदा रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू सोडतो. त्यामुळे १२ यार्डांऐवजी ११ व्या यार्डावर वळले तरी ताळमेळ बिघडतो आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाऊ शकतो. विद्यापीठात सीमारेषेच्या आत एक पाऊल टेकले की झेल ग्राह्य. एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. ही सवय नव्याने अंगी बाणवावी लागते.

ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ ही चाचणी होते. ४० यार्डांच्या धावेचा तिथला विक्रम झेव्हियर वर्दीचा आहे : ४.२१ सेकंद (२०२४). या आकड्याला फाजील महत्त्व मिळते. २०१७ मध्ये ४.२२ सेकंदांत धावलेला जॉन रॉस नववा निवडला गेला. दुखापतींनी ग्रासलेल्या पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल नव्हता. उलट, वेगाने बेताचा मानला गेलेला जेरी राइस १९८५ मध्ये सोळावा निवडला गेला आणि २० हंगामांत झेलांवर २२,८९५ यार्ड (चेंडू पुढे नेल्याचे अंतर) जमवून गेला.

ड्राफ्ट सात फेऱ्यांचा असतो. निवडलेल्यांना चार वर्षांचा करार मिळतो. पहिल्या फेरीतल्यांना पाचवे वर्ष देण्याचा हक्क संघाकडे राहतो. पुका नाकुआ २०२३ मध्ये पाचव्या फेरीत आला आणि त्याच हंगामात त्याने १,४८६ यार्डांचा नवोदितांचा विक्रम केला. ॲडम थीलनला तर कोणीच निवडले नव्हते. असे खेळाडू सराव शिबिरातून वर येतात. तिथल्या ९० जणांतून ५३ उरतात, त्यांत रिसीव्हर साधारण पाच-सहा. पाचव्या-सहाव्याला किक परतवणे, किकमागे धावून प्रतिस्पर्ध्याला पाडणे ही ‘स्पेशल टीम्स’ची कामेही यावी लागतात, नुसता झेलणारा त्या जागी टिकत नाही.

नवोदित अडतो तो पहिल्या दोन-तीन पावलांत. कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू, छातीवर हात रोवून अडवतो. तेव्हा जागच्या जागी पाय नाचवत राहिले की वाटेची वेळ निघून जाते. झेल सुटतात ते बहुधा चेंडू मुठीत येण्याआधीच नजर पुढे वळल्याने. मांडीमागचा स्नायू दुखावणे ही नेहमीची दुखापत, आणि घाईने परतल्यास ती उलटते.

खरी कमाई दुसऱ्या करारात असते : जस्टिन जेफरसनचा २०२४ चा करार चार वर्षांसाठी १४ कोटी डॉलरचा होता. तिशीनंतर वेग ओसरू लागतो; मग काहीजण मैदानाच्या आतल्या बाजूच्या ‘स्लॉट’ जागी सरकून वर्षे वाढवतात. लीगच्या निवृत्तिवेतनासाठी तीन मान्य हंगाम लागतात, आणि पूर्ण पगारी यादीत किमान तीन सामने असल्याखेरीज हंगाम मान्य होत नाही.