पीएम स्वनिधी: बँकेत जाण्याआधी शिफारस पत्राचं बघा

मार्च २०२०च्या टाळेबंदीत हातगाडी, पाटी, पथारीवर पोट असलेल्यांचा धंदा एका रात्रीत बसला. दुकानदाराला निदान शटरच्या आत माल ठेवता आला. भाजीवालीचं भांडवल म्हणजे पाटीतला माल. तो सडला की मंडईत परत जायला हातात रोकड उरत नाही. बँक दारात उभं करत नाही, मग रोजच्या वसुलीवर पैसे देणाऱ्याकडे जावं लागतं. अशा पथविक्रेत्यांना धंदा पुन्हा उभा करायला खेळतं भांडवल मिळावं म्हणून केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी कार्य मंत्रालयाने १ जून २०२०ला पीएम स्वनिधी योजना सुरू केली.

साथ ओसरली, पण योजना चालू आहे. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कर्जवाटपाची मुदत ३१ मार्च २०३०पर्यंत वाढवली आणि रकमाही वाढवल्या. पहिलं कर्ज १०,०००ऐवजी १५,००० रुपये, दुसरं २०,०००ऐवजी २५,०००, तिसरं पूर्वीसारखंच ५०,०००. तारण लागत नाही. पहिलं कर्ज वर्षभरात मासिक हप्त्यांनी फेडायचं.

पात्र कोण?

शहराच्या हद्दीत रस्त्यावर माल विकणारे किंवा सेवा देणारे. भाजी, फळं, वडापाव, चहा, कपडे विकणारे तर आलेच, पण चांभार, न्हावी, इस्त्रीवालेही यात बसतात. जवळच्या खेड्यातून रोज शहरात येऊन विकणाऱ्या बाईलाही अर्ज करता येतो. आपण राहतो खेड्यात, मग नगरपालिका आपल्याला कशी विचारेल, असं समजून कितीतरी जणी अर्जच करत नाहीत. तो समज काढून टाका.

खरी अडचण पुढे आहे. ‘तुम्ही पथविक्रेते आहात’ हे कागदावर कोण सांगणार? पालिकेने दिलेलं विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र असेल तर प्रश्नच नाही. पालिकेच्या पथविक्रेता सर्वेक्षणात नाव आलं, पण प्रमाणपत्र हातात पडलं नाही, अशांना योजनेच्या पोर्टलवरूनच तात्पुरतं प्रमाणपत्र निघतं. सर्वेक्षणात नावच नसेल, धंदा त्यानंतर सुरू केला असेल किंवा बाहेरगावाहून येत असाल, तर पालिकेचं किंवा नगर पथविक्रेता समितीचं शिफारस पत्र लागतं. मी पाहिलेले बहुतेक अर्ज बँकेपर्यंत पोचण्याआधी या पत्रापाशीच अडकले आहेत.

शिफारस पत्राची मागणी पोर्टलवरून करता येते, किंवा साध्या कागदावर अर्ज लिहून पालिकेत देता येते. सोबत धंद्याचा जो पुरावा असेल तो लावा: फेरीवाला संघटनेचं सदस्यत्व, पालिकेने फाडलेली जागेची पावती, टाळेबंदीत पथविक्रेता म्हणून मदत मिळाली असल्यास त्याची नोंद. काहीच नसेल तरी खचू नका. पालिकेने जागेवर चौकशी करून, बचत गट आणि स्थानिक संस्थांना विचारून खात्री करावी, अशी सोय नियमांतच आहे. मार्गदर्शक सूचनांनुसार मागणी १५ दिवसांत निकाली काढायची असते. म्हणून अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का नसेल तर पंधरा दिवस कधीपासून मोजायचे?

कागदपत्रं आणि अर्ज

आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, बँक पासबुक, फोटो आणि वर सांगितलेल्यांपैकी प्रमाणपत्र किंवा शिफारस पत्र. आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवाच, कारण ओटीपी त्यावर येतो. अनेक बायकांच्या आधारला मुलाचा जुना, बंद पडलेला नंबर असतो. आधी तो बदलून घ्या. आधारवर सासरचं आणि पासबुकावर माहेरचं नाव असेल, तर तेही आधीच जुळवा.

अर्ज पीएम स्वनिधीच्या पोर्टलवर स्वतः भरता येतो, नाहीतर सीएससी केंद्रात (सरकारी सेवांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारं केंद्र) किंवा पालिकेच्या मदतीने. कर्ज कुठून हवं ते अर्जातच विचारतात. सहकारी बँका आणि सूक्ष्म वित्त संस्थाही योजनेत आहेत, पण जिथे तुमचं खातं आहे तीच शाखा निवडलेली बरी. मंजुरी मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

व्याजाचं गणित

बँक आपल्या दराने पूर्ण व्याज लावते. वेळेवर हप्ते भरणाऱ्याला सरकार ७ टक्के व्याज अनुदान देतं, पण ते हप्त्यातून वजा होत नाही. वेगळं खात्यात जमा होतं. त्यामुळे ‘हप्ता का कमी झाला नाही’ म्हणून भरणा थांबवू नका. थकबाकी झाली तर अनुदान जातं आणि पुढचं कर्जही. किरकोळ आणि घाऊक व्यवहार डिजिटल पद्धतीने केल्यास १,६०० रुपयांपर्यंत कॅशबॅक आहे. दुसरं कर्ज फेडणाऱ्यांसाठी यूपीआयला जोडलेलं रूपे क्रेडिट कार्डही आता आणलं आहे.

कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. शेवटचा हप्ता भरल्यावर बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला मागून घ्या आणि कर्जखातं नोंदीत बंद झाल्याची खात्री करा. ते उघडं दिसत राहिलं, तर २५,०००चा अर्ज पुढे सरकणार नाही.